काय चुकलं ते सांगा

९ एप्रिल १९९६, मंगळवार. सकाळचं काम: नव्या अर्जांच्या गठ्ठ्यातून जुनी माणसं शोधून काढणं.

सिंगापूरला मेडिकल प्रवेशाच्या ऑफिसात मी बरीच वर्षं नोकरी केली. नवरा जहाजावर इंजिनियर. पुढे त्याने किनाऱ्यावरची, बोटी तपासण्याची नोकरी धरली आणि आम्ही बेडोकला फ्लॅट घेतला. मी मुंबईत एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काम केलेलं होतं, त्यामुळे इथे अर्ज केला आणि लागले. कुणाला डॉक्टर करायचं हे मी ठरवत नसे. ते प्रोफेसर ठरवत. पण त्यांच्यापुढे जाणारी प्रत्येक फाईल आधी माझ्या आणि माझी सहकारी शिऊ लान हिच्या हाताखालून जायची. मार्क बसतात का, कागद पुरे आहेत का, निबंध स्वतः लिहिलाय की कुणाकडून लिहून घेतलाय, हे आम्ही बघायचो. मुलाखतीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून टिपणं घेणं हेही माझंच काम.

मार्चमध्ये ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला की अर्ज यायला लागायचे. त्यातले काही जण गेल्या वर्षी नापसंत झालेले असायचे. ते शोधायची आमची पद्धत साधी होती. शिऊ लान नव्या अर्जावरचा ओळखपत्राचा नंबर वाचायची, मी जुन्या कपाटात बघायची. जुळला, की जुनी फाईल काढून, खाकी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून नव्या फाईलच्या मागे टाचायची. अशा फाईलला आम्ही ‘शेपूटवाली’ म्हणायचो. म्हणजे शिऊ लान इंग्रजीत म्हणायची, मी मनात मराठीत.

पाकीट चिकटवायची प्रथा प्रोफेसर परेरांनी पाडली. ते शरीररचनेचे प्रोफेसर आणि निवड समितीचे प्रमुख. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा कपाळावर ढकलण्याची सवय. आधी काय व्हायचं, की पॅनेलला जुनी फाईल मुलाखतीपूर्वीच दिसायची. उमेदवार आत यायचा आणि एखादा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून बसायचा. हा गेल्या वर्षी नापास झालेला, आता काय नवीन सांगणार, असा चेहरा. रेललेल्या माणसाला पुन्हा पुढे आणणं कुठल्याच एकोणीस वर्षांच्या पोराला जमत नाही. परेरांनी नियम केला: आधी मुलाखत, आधी गुण, मग पाकीट.

बाहेरच्या लोकांना वाटतं, दुसऱ्यांदा अर्ज केला की नावावर काट बसते. तसं काही नसतं. आमच्या पॅनेलवरचे दोन नामांकित डॉक्टर स्वतः दुसऱ्या खेपेला लागलेले होते, आणि ते स्वतःच हसत सांगायचे. पाकीट उघडल्यावर बघितलं जायचं ते इतकंच, की मधल्या वर्षात या माणसाचं काय झालं? काही केलं का, काही कळलं का, की नुसतं कॅलेंडर बदललं?

एक मुलगा आठवतो. इथे मुलांना आधी सक्तीची सैन्यसेवा करावी लागते, त्यामुळे ती करता करता ते दरवर्षी अर्ज टाकू शकतात. त्यांचं वर्ष फुकट जात नाही. या मुलाने पहिल्या वर्षी निबंध लिहिला आजोबांवर. आजोबांना पक्षाघात झाला, त्यांच्या उशाशी बसून त्याने डॉक्टर व्हायचं ठरवलं. दुसऱ्या वर्षी तेच आजोबा, तीच उशी. तिसऱ्या वर्षी परत अर्ज आला तेव्हा शिऊ लान म्हणाली, “हे आजोबा अजून उठले नाहीत लाह.” (इथे कुठल्याही वाक्याला शेवटी ‘लाह’ लावतात.) मी निबंध उघडला. आजोबा नव्हते. त्या वर्षी त्याला कॅम्पात मेडिकल ऑर्डर्लीचं काम मिळालं होतं आणि निबंध होता सैनिकांच्या पायांवरच्या फोडांबद्दल. फोड फोडायचा कधी आणि तसाच ठेवायचा कधी, मोजा किती वेळ ओला राहिला की पाय जातो, आणि सार्जंट ओरडत असताना जमिनीवर बसून दुसऱ्याचा घाणेरडा पाय मांडीवर घ्यायला पहिल्यांदा कसं वाटलं. साधी, थोडी चुकीची इंग्रजी. तो लागला. आजोबा खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण ते आजोबांचं दुखणं होतं. पाय त्याने स्वतः हातात घेतले होते.

दुसरी एक जण कॉलेजच्या प्रयोगशाळेतली टेक्निशियन. वय तिशीकडे झुकलेलं. दरवर्षी अर्ज करायची, दरवर्षी तिचे जुने मार्क आड यायचे. नापसंतीचं पत्र मिळालं की काउंटरवर येऊन म्हणायची, “ओके, सी यू नेक्स्ट इयर.” चेष्टा नव्हे, निरोप घ्यायची. एका वर्षी तिचा अर्ज आला नाही. मी आणि शिऊ लानने गठ्ठा दोनदा तपासला. चौकशी केली असती तर कळलं असतं, पण काय विचारणार? ते आजही मनात आहे.

आणि काउंटरवरच्या आया. मे महिन्यात पत्रं गेली की त्या यायच्या. एक बाई तर बाजारातून थेट आलेली, हातात पालेभाजीची पिशवी. मुलगा मागे खाली मान घालून उभा. त्या बाईने काउंटरवर बोट आपटून मला विचारलं, “विच वन राँग? यू टेल मी. आय चेंज.”

मी म्हटलं, “मॅडम, कारण सांगायची पद्धत नाही.”

“हेअर राँग? आय कट. टॉकिंग टू सॉफ्ट? आय टीच. यू टेल मी विच वन.”

सांगायचं नाही हा आमचा नियम होता, आणि तो मला पटतही होता. एकाला सांगितलं की पुढच्या वर्षी शंभर जण तेच दुरुस्त करून येणार. पण या नियमाची एक बाजू मला वर्षानुवर्षं टोचत राहिली. कारण कळलं नाही की माणूस स्वतःच शोधतो. आणि शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच. खूप मुलांचं काही चुकलेलंच नसायचं. जागा कमी, माणसं जास्त, रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण असं कोण मानतं? आपली चूक होती म्हटलं तर ती दुरुस्त तरी करता येते. भिंत होती म्हटलं तर काय करायचं? म्हणून लोक न बिघडलेला भाग उघडतात आणि तो नीट बिघडवून परत आणतात.

हे सगळं सांगायचं कारण त्या मंगळवारी शिऊ लानने वाचलेला एक नंबर. मी कपाटातून जुनी फाईल काढली. केतकी नाडकर्णी.

केतकीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आदल्या वर्षीच्या मुलाखतीत. तेव्हा ती मला कुणीच नव्हती. परेरा, त्यांच्याबरोबर एक सर्जन आणि डॉक्टर वाँग नावाच्या एक बाई, असं पॅनेल. मी कोपऱ्यात. मुलगी सावळी, दोन वेण्या घातलेली, शाळेचा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. नेहमीचे प्रश्न झाले. वडील जहाजावर चीफ इंजिनियर, घरी आले की पंखे, मिक्सर सगळं उघडून बसतात, तीही बसते, वगैरे. मग परेरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. “तुझ्या डोळ्यांसमोर पेशंट गेला, तर तुला सहन होईल?”

या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. कुणी हळवं होऊन म्हणतात, कुणी छाती काढून म्हणतात.

केतकी म्हणाली, “माहीत नाही सर. मी अजून कुणाला जाताना पाहिलेलं नाही.” मग तिला तेवढं पुरेसं वाटलं नाही बहुतेक. “माझी आजी मुंबईला गेली. तेव्हा आम्ही इथेच होतो. बाबा बोटीवर. आईला फोन आला, ती भाजी चिरत होती. फोन ठेवून तिने आधी भाजी चिरून संपवली. ते पाहून मला वाटलं, सहन करणं म्हणजे काय हे मला कळलेलंच नाही.”

सर्जन खाली बघून लिहीत होते, ते लिहायचे थांबले. परेरा मोठ्याने हसत नसत, पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर परत घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. माझ्या टिपणांत मी तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. तिघांनीही तिला चांगले गुण दिले. परेरांनी तर त्या दिवसातले सर्वांत जास्त.

ती लागली नाही.

त्या काळी मेडिकलच्या जागांपैकी एक तृतीयांशच मुलींना मिळत. सरकारी धोरण होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. बायका लग्न करून प्रॅक्टिस सोडतात, मग शिकवण्याचा खर्च वाया जातो, असं त्याचं समर्थन. (माझ्या ऑफिसात लग्न झालेल्या नऊ बायका होत्या आणि सगळ्या सकाळी साडेआठला हजर असायच्या. पण आम्हाला कोण विचारतंय.) म्हणजे आमच्याकडे रेघा दोन. मुलांची खाली, मुलींची वर. केतकी मुलांच्या रेघेच्या खूप वर होती आणि मुलींच्या रेघेच्या थोडी खाली. पत्र टाईप केलं मीच. दुसऱ्याही खूप जणांची केली, त्यामुळे हात थांबला वगैरे म्हणणार नाही. पण नाव लक्षात राहिलं.

मग त्या वर्षी गणपतीत, आमच्या मराठी मंडळींच्या आरतीनंतर, प्रसादाच्या रांगेत एक बाई माझ्याजवळ आल्या. “तुम्हीच ना त्या मेडिकलवाल्या नलूताई? मी शुभांगी नाडकर्णी. आम्ही वुडलँड्सला असतो.” आणि शेजारी तीच दोन वेण्यांची मुलगी. तिने मला लगेच ओळखलं. म्हणाली, “तुम्ही कॉर्नरमध्ये बसला होतात.” ती तोपर्यंत सायन्सला लागली होती, आणि पुन्हा अर्ज करणार होती. माझ्या नवऱ्याची आणि तिच्या वडिलांची पूर्वीची ओळख निघाली. झालं, येणं-जाणं सुरू झालं.

म्हणून एप्रिलच्या त्या मंगळवारी मी फाईल शिऊ लानपुढे सरकवली. “ही मुलगी माझ्या ओळखीची आहे. ही तुझ्याकडे.” मग परेरांच्या खोलीत जाऊन तेच सांगितलं. या फाईलला मी हात लावणार नाही, मुलाखतीच्या खोलीत बसणार नाही. त्यांनी मान डोलावली. एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण फाईल सरकवताना निबंधाची पहिली ओळ नजरेखालून गेलीच. लहानपणापासून माझ्या हृदयात मानवसेवेची एकच ज्योत तेवते आहे. शब्दशः असं. पंखे उघडणारी मुलगी त्यात कुठेच नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी मायलेकी बेडोकला आमच्या दारात. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गाड्या बदलत, हातात स्टीलचा डबा.

“करंज्या आहेत,” शुभांगी म्हणाली.

“डबा परत न्या. यादी लागेपर्यंत मला काही घेता येत नाही.”

“अहो नलूताई, घरच्या करंज्या आहेत. लाच आहे का?”

“नाही. पण खाताना मला तशी लागेल.”

शुभांगीने डबा आपल्या मांडीवर ठेवला, आणि पूर्ण वेळ तो तसाच धरून बसली. चहा मात्र मी दिला, तो माझा होता.

“मी फिरवून-फिरवून विचारत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही त्या खोलीत होतात. हिचं काय चुकलं ते सांगा.”

“शुभांगी, मला सांगता येत नाही. तुलाच काय, कुणालाच नाही.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“तो प्रश्नच नाही. मुलींना किती जागा असतात ते तुला माहीत आहे?”

“माहीत आहे. ते सगळ्याच मुलींना आहे. तरी काही मुली लागल्याच ना? मग हिचंच काय चुकलं?” आणि मग केतकीकडे वळून, “सांग ना ग मावशीला, काय म्हणालीस ते. अहो, ही मुलाखतीत ‘आय डोन्ट नो’ म्हणून आली! सरळ! तीन प्रोफेसरांसमोर! आमचे हे बोटीवरून फोनवर म्हणाले, अग मला इंजिनचं काही विचारलं आणि मी ‘माहीत नाही’ म्हणालो तर मला कोण ठेवेल? पेंडसेंनी तर ऐकून कपाळाला हात लावला.”

पेंडसे म्हणजे आमच्याकडचे एक कॉम्प्युटर कंपनीचे मॅनेजर. पुण्याचे. नोकरभरतीच्या मुलाखती घेण्याचा दांडगा अनुभव. तेवढ्या भांडवलावर ते आपल्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, मराठी मुलांच्या मुलाखतींची तयारी करून घेत, आणि तीही फुकट. माणूस खरोखर भला. हँडीकॅम लावून मुलांचं बोलणं टिपायचे आणि टीव्हीवर दाखवून चुका काढायचे. गेले सहा-सात महिने केतकी दर शनिवारी त्यांच्याकडे जात होती.

“आता किती छान उत्तर देते, ऐका तरी. केतू, म्हण.”

“आई, नको ना.”

“म्हण ग. मावशी काय परकी आहे?”

केतकी सोफ्याच्या कडेला ताठ बसली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि इंग्रजीत म्हणाली. मृत्यू हे जीवनाचं अटळ सत्य आहे, डॉक्टर या नात्याने मी ते धैर्याने आणि करुणेने स्वीकारेन, प्रत्येक पेशंट मला अधिक चांगली डॉक्टर बनवेल. ‘करुणेने’ला ती किंचित पुढे झुकली. झुकणंही शिकवलेलं होतं. सगळं म्हणून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, परीक्षेचा पेपर दिल्यावर मुलं बघतात तसं.

“पाठांतर चांगलं आहे,” मी म्हटलं. माझ्या परीने मी तेवढंच सांगू शकत होते. शुभांगीला ते कौतुक वाटलं.

जाताना मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. शुभांगी पुढे बटण दाबायला गेली तेव्हा केतकीने हळूच विचारलं, “मावशी, पण ते ‘आय डोन्ट नो’ राँगच होतं ना?”

“मला त्यावर बोलता येत नाही, केतकी.”

तिने मान डोलावली. मी जणू ‘हो’ म्हटलं होतं. लिफ्ट आली आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “सांगून टाकायचंस. कोण बघतंय?” मी म्हटलं, तू बोट तपासायला जातोस तेव्हा ओळखीच्या कॅप्टनला काय बघणार ते असंच आधी सांगतोस का? तो पेपर वाचायला लागला.

मुलाखतीच्या दिवशी मी काउंटरवर बसले. केतकी कॉरिडॉरमधून आत गेली, वेण्या जाऊन केस खांद्यापर्यंत कापलेले. बाहेर आली तेव्हा हसत होती. मला अंगठा दाखवला.

मेअखेरीस यादी पक्की झाली आणि पत्रं गेली. केतकी लागली होती.

संध्याकाळी परेरा माझ्या टेबलाशी आले. यादी जाहीर झालेली, त्यामुळे आता आपसात बोलायला हरकत नव्हती. “ती तुझ्या ओळखीची मुलगी,” ते म्हणाले. “गुण दिल्यावर मी पाकीट उघडलं. गेल्या वर्षीचं तुझं टिपण वाचलं आणि मला ती आठवली. या वर्षी मुलाखतीत समोर बसलेली मुलगी तीच आहे, हे मला कळलंच नव्हतं. काय झालं तिला? कुणीतरी इस्त्री केल्यासारखी वाटली.”

“मग घेतलीत कशी?”

“सायन्सचं वर्ष उत्तम केलंय. आणि वरच्या काही मुली शिष्यवृत्त्या घेऊन परदेशी गेल्या, रेघ खाली आली. मुलाखतीचे गुण गेल्या वर्षीपेक्षा कमीच आहेत.” चष्मा कपाळावर गेला. “गंमत आहे, नाही? चांगली होती तेव्हा नाही घेतली.”

मला त्यात गंमत वाटली नाही, पण मुलगी आत आली होती. मी मनात म्हटलं, चला, झालं ते चांगलं झालं. आता करंज्या खायला हरकत नाही.

जूनमध्ये पेंडसेंनी आपल्या कॉन्डोत जेवण ठेवलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. पंचवीस-तीस माणसं, त्यात पुढच्या वर्षी अर्ज करणारी बरीच मुलं आणि त्यांचे आईबाप. शुभांगी पैठणी नेसून आलेली. केतकीचे वडील महिन्यापूर्वीच बोटीवर गेले होते, त्यांनी बंदरावरून फोन केला तेव्हा सगळ्यांनी एकदम ओरडून अभिनंदन केलं. जेवणं झाल्यावर पेंडसेंनी टाळ्या वाजवल्या. “मंडळी, आता एक छोटा कार्यक्रम. बिफोर अँड आफ्टर!”

त्यांनी टीव्हीला कॅमेरा जोडला. पडद्यावर आधीची केतकी आली, दोन वेण्यांची. पहिल्याच शनिवारी पेंडसेंनी तिच्याकडून गेल्या वर्षीची मुलाखत जशीच्या तशी म्हणवून घेतली होती. चुका कळाव्यात म्हणून. पडद्यावरची केतकी म्हणाली, “आय डोन्ट नो, सर.”

सगळे हसले. आईला फोन येतो आणि ती भाजी चिरत राहते, यावर तर एका गृहस्थांना ठसकाच लागला. “भाजी! अरे मेडिकलच्या इंटरव्ह्यूत भाजी!” शुभांगी पदराने तोंड झाकून हसत होती, पण ती भाजी तिनेच चिरली होती. तिचं हसणं इतरांच्या आधी थांबलं.

मग नवी केतकी आली. अटळ सत्य, धैर्य, करुणा, झुकणं. टाळ्या. पुढच्या वर्षीच्या एका मुलाच्या वडिलांनी तिथल्या तिथे पेंडसेंना विचारलं, “साहेब, आमच्या चिरंजीवांना कधीपासून पाठवू?” पेंडसे संकोचून म्हणाले, “अहो, मी काय केलं? तिचीच मेहनत.” खोटा संकोच नव्हता. त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्या क्षणी मला त्यांचा राग यावा असं वाटत होतं, पण येईना. त्या दिवशीच्या पुराव्यावरून त्यांचंच बरोबर होतं. पहिलं उत्तर, नापसंत. दुसरं उत्तर, पसंत. माझ्याजवळ असलेला बाकीचा पुरावा मला दाखवता येत नव्हता.

केतकी माझ्या शेजारी वाटी घेऊन येऊन बसली. तीही हसली होती सगळ्यांबरोबर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, “मावशी, किती स्टुपिड होते ना मी? सो स्टुपिड लाह.”

“तुला त्यातलं काय स्टुपिड वाटतं?”

“खरं सांगत बसले ते. पेंडसेकाका म्हणतात, डॉक्टरने पेशंटसमोर कधीच ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. पेशंट घाबरतो. मी लिहूनच ठेवलंय.” तिने चमच्याने वाटीची कड निपटली. “उद्या सकाळी ओरिजिनल सर्टिफिकेट्स द्यायला येतेय मी तुमच्याकडे. नऊ वाजता.”

जागा मिळाली होती. तिची, तिच्या आईची झोप उडवणारी गोष्ट संपली होती. मग मला स्वस्थ का बसवत नव्हतं? कारण ही मुलगी आता पाच वर्षांनी वॉर्डमध्ये उभी राहणार होती आणि जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलणार होती. आणि हे तिला पेंडसेंनी एकट्याने शिकवलेलं नव्हतं. आमच्या पत्राने आणि लिफ्टपाशी माझ्या गप्प बसण्यानेही शिकवलं होतं. नियम मला अजूनही बरोबरच वाटत होता. तो मोडायचा नव्हता. पण तो ऑफिसातल्या माणसांसाठी होता. प्रोफेसराने आपल्या विद्यार्थिनीशी, स्वतः घेतलेल्या मुलाखतीबद्दल, स्वतःचं मत बोलू नये असं त्यात कुठेही नव्हतं. घरी जाताना एमआरटीत मी हे दोनदा तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी आली. मी तिची सर्टिफिकेटं तपासली, झेरॉक्सवर शिक्का मारला, मूळ कागद परत दिले. मग म्हटलं, “चल माझ्याबरोबर.”

“कुठे? काही कमी आहे का?”

“काही कमी नाही.”

परेरा खोलीत होते. टेबलावर कुठल्याशा हाडांचा ट्रे आणि नारळाचा जॅम लावलेला, अर्धा खाल्लेला काया टोस्ट. मी दारातूनच म्हटलं, “प्रोफेसर, ही केतकी नाडकर्णी. आता तुमची विद्यार्थिनी आहे. गेल्या वर्षी तुम्हाला ‘माहीत नाही’ म्हणाली होती. ते उत्तर चुकलं म्हणून आपल्याला घेतलं नाही, असं तिला वाटतं. मला यावर बोलता येत नाही. तुम्हाला येतं.”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. टोस्टची बशी बाजूला सारली. “बस,” ते तिला म्हणाले.

केतकी खुर्चीच्या कडेला ताठ बसली आणि तिने हात गुडघ्यांवर ठेवले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ते पुरतं लागायच्या आत परेरांचा आवाज ऐकू आला. “तुझ्या डोळ्यांसमोर पेशंट गेला, तर तुला सहन होईल?”

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. काउंटरवर रांग लागली होती.